पत्ता आहे, माणूस नाही

‘बेपत्ता’ हा शब्द मला मोठा चमत्कारिक वाटतो. पोलीस ठाण्यातल्या नोंदीत माणसाचा पत्ता पुरेपूर असतो : गल्ली, गाव, तालुका, जिल्हा. नसतो तो माणूस.

अठरा वर्षांखालचे मूल हरवले, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्देशानुसार अपहरणाचा गुन्हा नोंदवावा लागतो. सज्ञान माणूस गेला की ‘मिसिंग’ची एक ओळ लिहिली जाते. अंगावर कोणते कपडे, कुठली खूण. मग समजूत काढतात, ‘रागाच्या भरात गेला असेल, येईल दोन दिवसांत.’ पुष्कळदा तो येतोही. म्हणूनच न येणाऱ्याचा तपास मागे पडतो.

अश्विनी बिद्रे तर स्वतः पोलीस अधिकारी होत्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आळते गावच्या, नवी मुंबईत सहायक पोलीस निरीक्षक. ११ एप्रिल २०१६ नंतर त्या कुणालाच दिसल्या नाहीत. ‘मिसिंग’ची तक्रार जुलैत कळंबोली ठाण्यात नोंदली गेली. भाऊ आणि पती हेलपाटे घालत राहिले, उच्च न्यायालयापर्यंत गेले. संशय ज्याच्यावर, तो अभय कुरुंदकर वरिष्ठ पोलीस निरीक्षक. २६ जानेवारी २०१७ ला त्याला राष्ट्रपतींचे पोलीस पदक मिळाले आणि ३१ जानेवारीला अपहरणाचा गुन्हा दाखल झाला. मधे पाच दिवस! अटक व्हायला डिसेंबर उजाडला. वसईच्या खाडीत शोध झाला, मृतदेह सापडला नाही. तरीही एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने खून झाल्याचे मान्य करून त्याला जन्मठेप दिली. मृतदेहाशिवाय खटला उभा राहत नाही, हा आपल्याकडचा समज अशा निकालांनी खोटा ठरतो.

पण वेळ किती गेला! मोबाईलच्या कॉलची नोंद जपण्याचे कंपन्यांवरचे बंधन तेव्हा एकाच वर्षाचे होते, २०२१ अखेर ते दोन वर्षांचे झाले. दुकानाच्या कॅमेऱ्यातले चित्रण तर बहुधा काही आठवड्यांतच पुसले जाते. ‘चोवीस तास थांबा, मग या’ असे कुणी सांगितले, तर ऐकू नका. कायद्यात असा नियम नाही. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

कळंबोली आपल्याला परकी नाही. नांदेडहून लातूरमार्गे पनवेलला गाडी जाते, त्या पनवेलच्या शेजारचेच हे गाव. मुखेड, कंधार, अहमदपूरची माणसे पोटासाठी तिकडे जातात. एखादा परतत नाही. घरच्यांना ना सुतक पाळता येत, ना फातेहा देता येत. सातबारा त्याच्याच नावावर राहतो. सात वर्षे काहीच खबर नसेल, तर त्याला मृत मानावे, असे पुराव्याचा कायदा म्हणतो. मुस्लिम बाईसाठी १९३९ चा कायदा आहे : नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल, तर तिला कोर्टाकडून निकाह मोडून घेता येतो. मात्र तो हुकूम सहा महिने लागू होत नाही. तेवढ्यात नवरा परत आला आणि संसार करायला तयार आहे अशी त्याने कोर्टाची खात्री पटवली, तर हुकूम रद्द होतो.