धुराचं वजन



मला 'शाळेने काय दिलं' यावर बोलायला सांगितलं होतं. त्याऐवजी मी एक जुनी चूक कबूल करणार आहे. बाई समोर बसल्या आहेत, म्हणजे सोय झाली.

यंदा माझी मुलगी नववीत आहे. तिला रसायनशास्त्र जड जातं म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसले. अणू, संयुजा, समीकरणं संतुलित करणं. विसाव्या मिनिटाला कळलं की मला हे सगळं पाठ होतं, समजलं मात्र नव्हतं. 'मोल' घ्या. ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात, हा आकडा मी झोपेतही सांगेन. पण बँकेत सुटी नाणी वजनावर मोजतात तसे अणू वजनावर मोजायची ही युक्ती आहे, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी उमगलं. २४ ग्रॅम मॅग्नेशिअम आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन यांत अणू सारखेच. म्हणून दोन्ही मिळून ४० ग्रॅम ऑक्साइड. बास, एवढंच.

आणि मग आली ती मॅग्नेशिअमची फीत.

आठवतंय ना? चिमट्यात धरलेली फीत, डोळे दिपवणारा पांढरा उजेड, बाईंचं "थेट बघू नका गं!" आणि सगळ्यांचं थेट बघणं. ०.२४ ग्रॅमची फीत जाळली तर राख ०.४० भरायला हवी. आमच्या गटाची राख फितीपेक्षाही हलकी भरली. मी जर्नलमध्ये ०.४० लिहून मोकळी झाले. माझ्या जोडीदारणीने तराजूने दाखवलं तेच लिहिलं. मला 'छान' मिळालं, तिच्या आकड्यावर लाल रेघ आणि 'पुन्हा करा'. बाई, साठ जर्नलं तपासायची होती तुम्हाला, तुमच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार माझ्याबद्दल आहे. आम्ही दोघींनी एकच राख तोलली होती, हे मला माहीत होतं आणि मी गप्प बसले.

गेल्या महिन्यात मुलीने शाळेत हाच प्रयोग केला. ०.२४ची फीत, राख ०.२१. "आई, काय लिहू?"

त्या रात्री आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. जळताना जो पांढरा धूर वर जातो, तो नुसता धूर नाही. ते मॅग्नेशिअम ऑक्साइडच आहे, आपलं वजन घेऊन खिडकीतून जाणारं. थोडी राख चिमट्यावरून गळते. शिवाय हवेत नायट्रोजन पुष्कळ. थोडं मॅग्नेशिअम त्याच्याशी जुळतं आणि नायट्राइड होतं. सगळंच नायट्राइड झालं असतं तर वजन ०.३३च्या आसपासच थांबलं असतं. म्हणून हा प्रयोग झाकणाच्या मुशीत करायचा, झाकण अधूनमधून किंचित उचलून हवा आत घ्यायची, शेवटी पाण्याचे थेंब टाकून पुन्हा तापवायचं. थेंब टाकल्यावर अमोनियाचा वास आला तर समजायचं, नायट्राइड होतं. लॅव्हाझिएने १७७४मध्ये कथील बंद भांड्यात तापवलं ते याचसाठी. भांड्याचं एकूण वजन बदललं नाही. उघडल्यावर हवा आत शिरली, तेव्हा वाढलं.

म्हणजे मैत्रिणीचा आकडा बरोबर होता. चूक आमच्या उघड्या चिमट्याची होती. माझ्या नोकरीत जो आकडा अपेक्षेशी जुळत नाही, तोच आधी उघडून बघतात. जुळवून लिहिलेला आकडा सापडला की माझाच पारा चढतो. गंमतच आहे.

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला. दहावीनंतर ती कॉमर्सला गेली, आज स्वतःचा व्यवसाय उत्तम चालवते. एका लाल रेघेमुळे गेली, असं मी म्हणणार नाही. पण ती म्हणाली, "अगं, मला इतकी वर्षं वाटत होतं की मला तराजूच वाचता येत नाही." मला काही सुचेना. मी माफी मागितली, जरा उशिराच. ती हसली, मग खूप वेळ धूर, नायट्राइड सगळं खोदून खोदून विचारत राहिली. मला वाटतं, वर्गात तीच खरी रसायनशास्त्राची होती.

फोन ठेवताना तिने विचारलं, "मग लेकीने काय लिहिलं?"

०.२१ लिहिलं. आणि खाली, कंसात: धूर तोलता आला नाही.