रक्तातलं लोह आणि चुंबकाचं कडं

मागच्या महिन्यात शेंद्र्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक विक्रेता चुंबकाची कडी घेऊन आला. म्हणाला, "रक्तात लोह असतं, चुंबक ते ओढतं, अशक्तपणा जातो." कडं घ्यायला गटातून कर्ज मिळेल का, असं दोघींनी लगेच विचारलं.

रक्तात लोह असतं, हे खरं. पण ते खिळ्यासारखं सुटं नसतं, हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं. १९३६ साली अमेरिकेत पॉलिंग आणि कोरिएल या शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं. प्राणवायू सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे किंचित ओढलं जातं, प्राणवायू घेतलेलं किंचित दूर सरतं. मेंदूचा कोणता भाग काम करतोय, हे एमआरआय यंत्र याच फरकावरून दाखवतं. पण ते यंत्र खोलीएवढं! मनगटावरच्या कड्याने रक्त हलत नाही, आणि लोह तर कणभरही वाढत नाही.

आम्ही कर्ज दिलं नाही. दोघींना तपासणीला नेलं. एकीचं हिमोग्लोबिन नऊ निघालं! बाईचं बाराच्या खाली आणि गरोदरपणी अकराच्या खाली गेलं, तर ते कमीच. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. आशाताईंना आजच विचारा.