परसबागेची राखण: एकीने करू, जीव न घेता करू

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत कृषी सखीने केलेलं भाषण)



आपल्या कोकणात परसबाग लावणं सोपं, राखणं कठीण. दिवसा माकडं-वानरं, रात्री रानडुकरं, आणि अधूनमधून आपल्याच शेळ्या-कोंबड्या! मग वैतागून काहीजण कुंपणाला घरातला करंट सोडतात. तिथूनच सुरुवात करते. असं अजिबात करू नका. अशा तारेला चिकटून माणसं गेलीत, गुरं गेलीत. तो गुन्हाही आहे. विषाचंही तेच, ते आधी खातो आपला कुत्रा. दोन वाफे भाजीसाठी कुणाचा जीव जायला नको.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, वई. पहिल्या पावसात निरगुडी किंवा अडुळशाच्या फांद्या वीत-वीत अंतरावर रोवा. शेळ्या त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. मधेमधे करवंद, सागरगोटा लावा. वई दाट व्हायला दोन पावसाळे तरी जातात, तोवर बुडाशी काटेरी शिरड्या दाबून बसवा. डुक्कर सहसा खालून घुसतं. म्हणून वई खालून घट्ट हवी.

दुसरी गोष्ट, वास. डुकराची नजर अधू, पण नाक तिखट. ते जमीन हुंगत चालतं. सलूनमधले कापलेले केस वईच्या बाहेरून हातभर रुंद पट्ट्यात पसरा. हुंगताना केस नाकात गेले की ते मागे फिरतं. पाऊस पडून गेला की केस पुन्हा टाकायचे. तिन्हीसांजेला शेणी पेटवून त्यावर सुक्या मिरच्यांचा धूर करा, पण पोरांना लांब ठेवा आणि निखारा विझवूनच झोपा.

तिसरी गोष्ट, लागवड. मिरची, हळद, कारलं यांच्या वाटेला माकडं सहसा जात नाहीत. ती कडेला लावा. काकडी, भेंडी, मका, पपई घराजवळ, पडवीतून दिसेल अशी. बागेवर आलेल्या झाडांच्या फांद्या छाटा. माकडं तिथूनच उतरतात. उष्टं-खरकटं उघड्यावर टाकू नका. ते खड्ड्यात टाकून वर माती ओढा.

आता मुख्य मुद्दा. जनावर हुशार असतं. बुजगावणं एकाच जागी उभं राहिलं की चार दिवसांत त्याच्या डोक्यावर माकड बसतं! म्हणून उपाय बदलत राहायचे. आज केस, पुढच्या आठवड्यात धूर, मग डबे वाजवणं. आणि एकटीने केलं तर माकडं फक्त शेजारणीच्या बागेत जातात. तिचं नुकसान ते आपल्याच गटाचं नुकसान. म्हणून वाडीतल्या सगळ्या गटांनी एकाच आठवड्यात वई घाला, राखणीच्या पाळ्या लावा. कुठली पाळी कुणाची, ते गटाच्या बैठकीत ठरवून वहीत लिहा.

एवढं करूनही रानडुकरांनी किंवा माकडांनी शेतातलं पीक नासलं, तर गप्प बसू नका. फोटो काढा, लगेच वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या. पीक नुकसानीची भरपाई मागायचा आपल्याला हक्क आहे. अर्ज भरायला अडचण आली, तर ग्रामसंघात या, आपण बसून भरू.

पावसाला अजून वेळ आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने निरगुडीच्या दहा फांद्या कुठून आणायच्या, ते ठरवूनच या.