दोन खांद्यांमधला दांडा

आज मी आपल्याशी मोटारीतल्या एका साध्या दांड्याविषयी बोलणार आहे. त्याला स्ट्रट बार म्हणतात. गावोगावी आता मोटारी आल्या आहेत आणि हौसेने असा दांडा बसवून घेणारी तरुण मंडळीही आहेत. हौसेला माझी ना नाही. पण दांडा कशासाठी, हे कळल्यावाचून पाना हातात घेऊ नये.

आधी एक प्रयोग. शिक्षकबंधुभगिनींनी तो वर्गात अवश्य करून दाखवावा. चपलांचा रिकामा खोका घ्या आणि झाकण काढून टाका. समोरासमोरच्या दोन लांब बाजू वरच्या कडेला धरून आत दाबा, बाहेर ओढा. लवतात ना? आता एक लाकडी पट्टी दोन्ही कडांवर मधोमध आडवी ठेवा, टोके डिंकाने पक्की चिकटवा आणि वाळल्यावर पुन्हा दाबून पाहा. त्या जागी कडा आता सहजी हलत नाही. घराच्या कैचीतले खालचे आडवे लाकूड हेच काम करते. ते काढले, तर छपराच्या भाराने वाशांची टोके बाहेर सरकू लागतील.

आता मोटारीचे बॉनेट उघडा. इंजिनाच्या दोन्ही अंगांना, मडगार्डालगत, पत्र्याचे दोन उंचवटे दिसतील. हे गाडीचे खांदेच म्हणा ना! पुष्कळ मोटारींत पुढच्या चाकाची स्प्रिंग आणि शॉकअप मिळून एक उभा खांब केलेला असतो. तो स्ट्रट. त्याचा माथा या खांद्याला बहुधा तीन नटांनी जखडलेला असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनियराच्या नावाने ही रचना ओळखली जाते. इंग्लंडात १९५० साली पुढे आलेल्या फोर्ड कन्सल गाडीत ती होती. आपल्याकडे १९८३ साली आलेल्या मारुती ८०० लाही पुढच्या चाकांना तीच होती.

वळणावर चाकाचा रेटा या खांद्यांपर्यंत पोचतो आणि पत्रा किंचित लवतो. दांडा दोन्ही खांदे एकमेकांना बांधतो, म्हणून ते कमी हलतात. जुन्या जीपला मात्र पाट्यांच्या स्प्रिंगा आणि खाली वेगळा सांगाडा. तिथे हे खांदेच नाहीत, मग दांडा बांधणार कशाला?

दांड्याची जागा कोणती? दोन्ही स्ट्रटच्या माथ्यांना जोडणारी सरळ रेषा. दांडा जितका या रेषेजवळ आणि जितका सरळ, तितका कामाचा. इंजिन चुकवण्यासाठी त्याला मोठा बाक दिला, की रेटा आल्यावर तो बाकच लवतो. खोक्यावर वाकडी पट्टी लावून पाहा, लगेच पटेल.

बसवताना गाडी सपाट जागी, चारही चाके जमिनीवर टेकलेली हवीत. जॅकवर उचलू नका. एका बाजूचे बाहेरचे नट काढून दांड्याची बैठक ठेवा आणि नट हातानेच फिरवा. मग दुसरी बाजू. दांडा ओढूनताणून न बसवता मोकळेपणी बसू द्या. त्यानंतर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच नट आवळा. बैठकीच्या जाडीमुळे नटाला पुरते आटे मिळतात ना, तेही पाहा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. माथ्याच्या मधोमध आणखी एक नट असतो. त्याला हात लावू नका! त्याच्याखाली दाबलेली स्प्रिंग आहे. माझ्या पुतण्याने एकदा नेमका त्याच नटाला पाना लावला होता. शेजारी उभ्या असलेल्या मिस्त्रींनी त्याचा हात धरला, म्हणून बरे. ती स्प्रिंग सुटली असती, तर काय झाले असते, हे मी पुतण्याच्या आईला अजून सांगितलेले नाही.

दांडा बॅटरीच्या टोकांना लागता कामा नये. सुरू झालेले इंजिनही हलते, तेव्हा तिथेही मोकळी जागा हवी. दांड्यावर कणकेचा छोटा गोळा ठेवून बॉनेट अलगद लावा. उघडल्यावर गोळा पार चपटा झालेला दिसला, तर जागा अपुरी आहे. थोडे दिवस गाडी चालवून नट पुन्हा तपासा आणि चाकांची अलाइनमेंट पाहून घ्या.

आणि एक सांगतो. खांद्याचा पत्रा गंजला असेल, शॉकअप गळत असेल, टायर गुळगुळीत झाले असतील, तर आधी त्यांवर पैसे खर्च करा. मोडक्या भिंतीला नवी तुळई घालून घर उभे राहत नाही. आणि रोजच्या सावकाश चालणाऱ्या गाडीला या दांड्याने पडणारा फरक थोडाच असतो, हेही खरे. वळणावर आपल्याला सांभाळतो तो आधी बेताचा वेग. दांडा त्यानंतर.