मागावरचे हात, खंडाची जमीन

आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात अठराव्या शतकात हजारो कुटुंबं जमीनदाराची थोडी जमीन खंडानं कसत आणि घरातल्याच मागावर लिनन विणत. आज त्यांचे वंशज जगभर आहेत. या पूर्वजांचा माग काढायचा कसा?

अडचण मोठी आहे. 1922 मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराला आग लागली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या जनगणनांची बहुतेक कागदपत्रं जळाली. पण गरिबांची नावं इतरत्रही नोंदलेली होती. 1796 मध्ये लिनन मंडळानं लिननच्या धाग्यासाठी जवस पेरणाऱ्यांना पेऱ्यानुसार चरखे किंवा माग बक्षीस दिले. त्या यादीत सुमारे 60,000 नावं आहेत. पुढे 1823 ते 1837 दरम्यान चर्चच्या करासाठी शेतकऱ्यांच्या नोंदी झाल्या. 1847 ते 1864 च्या ‘ग्रिफिथ मूल्यांकना’त कुळाचं नाव, जमीनदार आणि जमिनीचं क्षेत्र सापडतं.

शोध मात्र उलट दिशेनं करावा. 1901 आणि 1911 च्या जनगणना शाबूत आहेत आणि इंटरनेटवर मोफत पाहता येतात. तिथून एकेक पिढी मागे जावं. आडनावासोबत ‘टाउनलँड’, म्हणजे जमिनीचा सर्वांत लहान विभाग, नक्की ठरवावा. एकाच नावाची माणसं अनेक असतात. त्यांतला आपला पूर्वज जमिनीच्या पत्त्यावरूनच ओळखता येतो.