‘जरा’ म्हणजे किती?



मी सातवी शिकलेली, भाषण मला यायचे नाही. मुंबईचे डबेवाले 1890 पासून डबे पोहोचवीत आले. एकच डबा कितीतरी हातांतून जातो, पण झाकणावरच्या दोनचार अक्षरांनी नि आकड्यांनी स्टेशन, इमारत, मजला सारे पुढच्याला कळते. आपल्या पापडाच्या खोलीत मात्र ‘जरा मीठ घाल ग!’ जरा म्हणजे किती? गेल्या उन्हाळ्यात एकीने घातलेले मीठ दुसरीनेही घातले. पाच किलो पीठ वाया गेले आणि मजुरी कापली ती नव्या बाईची! तिने विचारायचे होते म्हणे. विचारणारीवर खेकसतात, मग ती विचारील कशी? यापुढे परातीजवळ चिठ्ठी असावी, काय घातले, किती घातले. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी खडूची रेघ. आणि त्या बाईची मजुरी परत द्यावी, असे मी इथेच मांडते.