आकड्याला नाव हवे



संगणकात माहिती कशी लिहून ठेवावी, या विषयावर कामगार संघटनेतल्या माणसाने बोलावे याचे काहींना नवल वाटले असेल. मी हे शास्त्र कॉलेजात शिकलेलो नाही. परंतु कामगाराची हजेरी, त्याचा पगार आणि त्याचा प्रॉव्हिडंट फंड आज संगणकाच्या घरी राहावयास गेले आहेत. आपले माणूस ज्या घरी नांदते त्या घरची रीत आपल्याला ठाऊक असावी, म्हणून मी पुस्तके मिळवून वाचली. जे उमगले ते आपल्यापुढे ठेवतो.

आपल्यापैकी बहुतेकांनी सातबारा हाताळला आहे. त्यात प्रत्येक आकड्याला मथळा असतो. हे क्षेत्र, हा आकार, हे पीक, असे कागदच सांगतो. आता कल्पना करा, कोणी सारे मथळे खरवडून काढले आणि आकडे एका ओळीत मांडले. आकडे तेच राहिले, खोटा एकही नाही. पण कोणता आकडा कशाचा, हे विचारायला तलाठ्याच्या दारी जावे लागेल. संगणकातील साधी मजकूर-फाइल ही अशी मथळे नसलेली ओळ असते.

हे उदाहरण मी हवेतून आणलेले नाही. प्रॉव्हिडंट फंडाच्या कचेरीने २०१२ साली मालकांकडून दरमहा संगणकावर विवरण घेण्यास सुरुवात केली. त्याला ईसीआर म्हणतात. पुढे कामगाराच्या कायम क्रमांकावर, म्हणजे यूएएनवर, आधारलेली त्याची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात एका कामगाराची एक ओळ आणि ओळीत अकरा घरे. दोन घरांमध्ये भिंत म्हणून एक खूण. क्रमांक आणि नाव ही पहिली दोन घरे सोडली, तर पंधरा हजार पगाराच्या कामगाराची ओळ अशी दिसते:

१५०००#~#१५०००#~#१५०००#~#१५०००#~#१८००#~#१२५०#~#५५०#~#०#~#०

पंधरा हजार चार वेळा आले आहेत आणि चारही वेळा त्यांचा अर्थ निराळा आहे. पहिला एकूण पगार, दुसरा फंडासाठी धरलेला, तिसरा पेन्शनसाठी धरलेला, चौथा विम्यासाठी धरलेला. पुढचे अठराशे म्हणजे बारा टक्के वर्गणी. मालकाच्या वाट्यातील साडेबाराशे पेन्शनला जातात आणि उरलेले साडेपाचशे फंडात. शेवटची दोन घरे पाहा. त्यांतील पहिले बिनवर्गणीच्या दिवसांचे आणि दुसरे परत केलेल्या उचलीचे. यांतील एक अक्षरही त्या ओळीत नाही. अर्थ सारा वेगळ्या माहितीपत्रकात आणि कारकुनाच्या डोक्यात.

आता शेवटच्या दोन घरांची अदलाबदल झाली तर काय होईल? दोन रुपयांचे दोन दिवस होतील. घरे मोजणाऱ्याला अकराच दिसतील, तो ओळ बरोबर म्हणेल. पण पेन्शनसाठी नोकरी मोजताना बिनवर्गणीचे दिवस हिशेबात येतात. एका ठेकेदाराकडील कामगारांनी अशा ओळींचा कागद मला आणून दाखविला होता. वीस वर्षे यंत्रावर काम केलेली माणसे ती. स्वतःच्याच पगाराची ओळ त्यांना वाचता येत नव्हती. याला त्यांचे अज्ञान म्हणणे अन्याय आहे. त्या ओळीत वाचण्यासारखे काही ठेवलेलेच नव्हते.

यावर उपाय शोधला गेला त्याला आता पन्नासाहून अधिक वर्षे झाली. छापखान्यात मुद्रितशोधक हस्तलिखिताच्या समासात खुणा करतो, हे शीर्षक, हा परिच्छेद. मार्कअप हे नाव त्या खुणांवरून आले. १९६९ साली आयबीएम कंपनीत गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी या तिघांनी वकिलांच्या कचेरीतील कागदपत्रांसाठी अशा खुणांची भाषा बांधली. तिच्या वंशातील एक्सएमएल ही भाषा १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रमाण म्हणून जाहीर झाली. तिच्यात प्रत्येक आकड्याच्या मागेपुढे त्याचे नाव लिहितात:

<पेन्शनवर्गणी>१२५०</पेन्शनवर्गणी>

आणि ऐका, हे नाव मराठीत लिहिले तरी ती भाषा ते मान्य करते. आता घरांची अदलाबदल झाली तरी अर्थ बदलत नाही, कारण आकडा आपले नाव बरोबर घेऊन फिरतो. नवे घर वाढवले तरी जुना कार्यक्रम आपल्याला हवे ते नाव शोधून वाचतो. कोणती नावे असावीत, कोणते वगळता येणार नाही, दिवस एकतीसपेक्षा अधिक नकोत, असे नियमही वेगळे लिहून ठेवता येतात. त्या नियमपत्राला स्कीमा म्हणतात. मी त्याला करार म्हणतो.

या पद्धतीचे दोषही सांगितले पाहिजेत. चार अंकांभोवती तीस अक्षरे गुंडाळावी लागतात आणि फाइल फुगते. लहानशा यादीला साधी ओळच बरी. म्हणूनच पुढे जेसन नावाची आटोपशीर पद्धत पुष्कळ ठिकाणी आली. आयकर खात्याने २०२१ साली विवरणपत्रांसाठी तीच घेतली. तिच्यातही आकड्याला नाव असतेच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नाव दिल्याने आकडा खरा होत नाही. सव्वीस दिवस राबलेल्याचे वीस लिहिले तर स्कीमा हूं की चूं करणार नाही. तेथे हजेरीपुस्तक आणि संघटनाच लागते. फरक इतकाच की, खोटे कोणत्या नावाखाली लिहिले ते उघड दिसते. आणि उघड दिसले म्हणजे त्यावर बोट ठेवता येते.

आता एका गोष्टीचा विचार करा. २०११ साली सरकारने नोंदलेल्या व मोठ्या कंपन्यांना फर्माविले की, ताळेबंद एक्सबीआरएल पद्धतीने सादर करा. ही पद्धत एक्सएमएलवरच उभी आहे. तेथे नफ्याच्या, कर्जाच्या प्रत्येक आकड्याला नाव असते, म्हणजे भागधारकाला आणि सावकाराला तो तपासता येतो. दुसऱ्याच वर्षी कामगाराचे विवरण संगणकावर आले, ते नाव नसलेल्या ओळीत. ज्ञान होते, साधन होते. भांडवलाच्या आकड्याला नाव मिळाले, घामाच्या आकड्याला भिंत मिळाली. यात कोणाचा दुष्टावा होता असे मी म्हणत नाही. मागणारा कोणी तेथे बसलेला नव्हता, एवढेच.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. येत्या वेतनकरारांत आपण एक कलम मागावे: आपल्या नावावर कचेरीत जे जे पाठविले जाते, ते दरमहा नावांसकट, मराठीत, आपल्या हाती मिळावे. आणि स्कीमा जेथे लिहिला जातो तेथे आपले माणूस असावे. त्या अकरा घरांत जादा कामाच्या तासांना घर नव्हते. ज्याला घर नाही त्याची नोंद नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याचा दावा लंगडा पडतो. घरे कोणती असावीत हा प्रश्न इंजिनियरचा जितका आहे तितकाच आपला आहे.

आपल्या मुलांपैकी कित्येक आता कार्यक्रम लिहिण्याच्या धंद्यात जात आहेत. त्यांना माझी विनंती आहे की, फाइल आखताना ज्याचा तो आकडा आहे त्याला तो वाचता येईल का, एवढा विचार करावा.